कडू नारिंग : मार्मालेडसाठी फळ कोठे शोधावे

नाताळ आटोपला की या पानाकडे एक चौकशी हमखास येते. मार्मालेड करायचे आहे, पुस्तकात ‘सेव्हिलची संत्री’ घ्या असे लिहिले आहे, तर ती आपल्याकडे मिळतात काय? फळवाल्याला विचारावे तर तो नागपुरी संत्रे पुढे करतो. मग घरी नेऊन त्याच संत्र्यांत साखर घालून आटवायचे, आणि शेवटी बरणीत जे उतरते ते संत्र्याच्या पाकापलीकडे काही नसते. ना त्यात कडवटपणा, ना ते धड थिजलेले. पोळीवर वाढावे तर ताटभर पसरते. करणारीचा हात वाईट नसतो. फळच निराळे लागते.

ते फळ आपल्याकडे आहे. पुष्कळांच्या परसातही असेल, पण नाव ठाऊक नाही आणि तोंडात घातले तर चेहरा वाकडा होतो, म्हणून त्याला ‘रानटी’ ठरवून मोकळे झालेले असतात. घर वाढवताना, अंगणात फरशी घालताना अशी जुनी झाडे प्रथम तोडली जातात. सबब हा लेख लिहावासा वाटला. कुऱ्हाड लावण्यापूर्वी झाडाचे एक पान आणि एक फळ नीट तपासून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे. कसे तपासावे ते पुढे सांगतो.

सेव्हिल हे स्पेनमधील शहर. तेथील रस्त्यांच्या दुतर्फा कडू नारिंगाची चाळीस हजारांहून अधिक झाडे आहेत आणि हिवाळ्यात ती केशरी फळांनी लगडतात. तेथील लोक ती खात नाहीत. शोभेला आणि सावलीला झाडे ठेवतात. इंग्लंडात मात्र याच जातीच्या फळाला मार्मालेडसाठी पिढ्यान् पिढ्या मागणी आहे, म्हणून पुस्तकात गावाचे नाव चिकटले. पडलेल्या फळांचे करावे काय, हा त्या नगरपालिकेचा नेहमीचा प्रश्न. २०२१ साली तेथील पाणीपुरवठा संस्थेने ती फळे कुजवून निघणाऱ्या वायूवर वीज करण्याचा प्रयोगही हाती घेतला होता. म्हणजे फळ वाया जाण्याचे दुःख केवळ आपलेच नव्हे.

फळ मात्र स्पेनचे नाही. ते पूर्वेकडचे, आपल्या आशिया खंडातले. आपल्या ‘नारंग’ शब्दावरून फारशीत व अरबीत ‘नारंज’ झाले, अरबांनी झाड स्पेनला नेले तेव्हा शब्दही बरोबर गेला आणि तेथे ‘नारांजा’ झाला. इंग्रजीतला ‘ऑरेंज’ त्याच वाटेने आला. युरोपने प्रथम ओळखले ते हे कडू फळ. गोड संत्रे तेथे कितीतरी उशिरा, पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास रुजले. ‘मार्मालेड’ हा शब्द तर पोर्तुगीज. ‘मार्मेलो’ नावाचे नासपतीसारखे एक आंबट-तुरट फळ आहे, त्याच्या वड्यांना पोर्तुगीज लोक ‘मार्मेलादा’ म्हणतात. गोव्यात पेरूची ‘पेराद’ करतात ती ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना ते प्रकरण कसे असते हे सांगायला नको. इंग्रजांनी नाव उचलले आणि आत फळ दुसरे घातले.

आता ओळख. झाड मध्यम उंचीचे, सदाहरित, काटेरी. अलीकडच्या संशोधनाने असे दाखवले आहे की हे फळ पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून झाले. पपनस आईच्या जागी, संत्रे बापाच्या जागी. ही गोष्ट लक्षात ठेवली की ओळख सोपी होते. पपनसाच्या पानाचा देठ कसा असतो ते आठवा. देठाला दोन्ही बाजूंनी पंखासारखी रुंद पट्टी, जणू मोठ्या पानाखाली लहान पान जोडले आहे. तसाच पंख, पण थोडा कमी रुंद, कडू नारिंगाच्या देठाला असतो. नागपुरी संत्र्याच्या आणि मोसंबीच्या देठाला हा पंख अगदी अरुंद असतो किंवा नसल्यासारखाच. पान चुरगाळले तर सुवास दरवळतो. फुले पांढरीशुभ्र आणि अतिशय सुगंधी. याच फुलांपासून युरोपात भारी किमतीचे अत्तर काढतात.

फळ संत्र्याएवढे, किंचित चपटे. सालीवर बारीक खळगे दिसतात, कारण हिच्या तेलाच्या गाठी आत दबलेल्या असतात. मोसंबीच्या सालीवर हात फिरवून मग या सालीवर फिरवा, फरक बोटांना कळतो. साल जाड, पांढऱ्या गरासकट. फळ आडवे कापले तर पिकलेल्या फळाच्या मधोमध पोकळी दिसते. बिया भरपूर. रस आंबटढाण, आणि फोडींमधला पापुद्रा चावला तर कडू. हे सगळे जुळले तर झाड कडू नारिंगाचे समजावे. एकच खूण जुळली म्हणून समजू नये.

येथे एका घोटाळ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आमच्या शेतकरी बांधवांच्या परसात तो घोटाळा पुष्कळदा उभा असतो. कोणे एके काळी संत्र्याचे किंवा मोसंबीचे कलम आणून लावले. चार-सहा वर्षे फळे गोड आली. मग वरचा भाग वाळला, आणि बुडापासून नवी फूट जोमाने वर आली. तिचे झाड झाले, फळे धरली, पण ती आंबट. घरात म्हणतात, संत्रे ‘बिघडले’. बिघडले काहीच नाही. कलम ज्या खुंटावर डोळा भरून तयार केले होते, तो खुंट आता स्वतःचे फळ देत आहे. आपल्याकडे हा खुंट बहुधा जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा असतो, कडू नारिंगाचा नव्हे. जंबेरीचे फळ पिवळे, खडबडीत, गाठाळ, देठाकडे मान आल्यासारखे. रंगपूर लिंबू दिसायला लहानसे संत्रेच, साल सैल, आत केशरी गर, पण आंबट असे की दात आंबावेत. दोघांच्याही कळ्यांवर आणि कोवळ्या फुटीवर जांभळट झाक असते आणि देठाचा पंख नाममात्र असतो. कडू नारिंगाची कळी पांढरी. एवढ्यावरून निवाडा होतो. आणि निवाडा जंबेरीचा किंवा रंगपूरचा झाला तरी झाड तोडू नये. मार्मालेडला ती दोन्ही चालतात, रंगपूर तर आमच्या मते उत्तमच.

बाजारात शोधायचे तर पहिली गोष्ट अशी की फळवाल्याकडे जाऊ नये, भाजीवालीकडे जावे. आपल्या देशात हे फळ सोलून खाण्याचे म्हणून विकले जात नाही. ते लोणच्यासाठी, भातात आंबटपणासाठी विकले जाते, त्यामुळे ते लिंबू-मिरची-कोथिंबिरीच्या शेजारी, बहुधा हिरवेच, थोडक्या नगांच्या राशीत मांडलेले असते. बेळगाव, खानापूर, धारवाडकडे कानडी भाजीवालीला ‘हेरळेकायी’ किंवा ‘कंचिकायी’ म्हणून विचारावे. कानडी घरांत हेरळेकायीच्या रसाचा चित्रान्न भात करतात. हैदराबादेत तेलुगू भाषेत ‘नारिंज’ म्हणावे. तेथे ‘दब्बकाया’ म्हणून मोठे, जाड सालीचे फळ देतील, ते निराळे. इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘खट्टा’ हा शब्द चालतो, पण तो फसवा आहे, कारण एकाच शब्दाखाली तीन-चार जातींची आंबट फळे विकली जातात. बडोद्याच्या वाचकांनी ‘खाटी नारंगी’ म्हणून विचारावे आणि बिजोरे दिल्यास परत करावे. खरे सांगायचे तर कानडी नावेही सगळीकडे एकाच फळाला लावत नाहीत. गाव बदलले की हेरळेकायीचे रूप बदलते. म्हणून नावावर विश्वास ठेवू नका. विक्रेतीला पाला लागलेली एखादी डहाळी आणायला सांगा. देठाचा पंख पाहा, मग एक फळ कापून पाहा, आणि मगच किलोच्या हिशेबाने घ्या.

बाजारापेक्षा चांगला मार्ग म्हणजे झाडाचा मालक गाठणे. जुन्या बंगल्यांची आवारे, छावणीतील जुन्या बागा, जुन्या चर्चची आणि देवळांची परसे, सरकारी रोपवाटिका, ही शोधण्याची ठिकाणे. खानापूर तालुक्यात आणि पश्चिम घाटाच्या उतरणीवर पाऊस भरपूर, तेथील कौलारू घरांच्या मागे लिंबूवर्गाची नाना झाडे असतात. मालकाला बहुधा फळांचे काय करावे हे ठाऊक नसते आणि ती झाडाखाली कुजत असतात. विचारून घ्यावीत, आणि बदल्यात एक बरणी पोहोचवावी. पुढल्या वर्षी तो स्वतःच निरोप पाठवतो. दुसऱ्याच्या कुंपणात विचारल्यावाचून हात घालू नये, हे आमच्या वाचकांना सांगायला नकोच.

परसातील झाडाचा आणखी एक मोठा गुण आहे आणि तो आरोग्याचा आहे. मार्मालेडमध्ये आपण साल खातो. नेहमी संत्रे खाताना साल टाकून देतो, तेव्हा सालीवर काय मारले होते याची फिकीर नसते. येथे तीच साल शिजवून मुलांच्या ताटात वाढायची असते. बागेतील फळावर कीटकनाशकाचे फवारे बसलेले असतात, आणि मोठ्या बाजारातल्या चकचकीत फळावर टिकण्यासाठी मेणाचा थर दिलेला असतो. धुण्याने वरवरचे जाते, सालीत मुरलेले जात नाही. म्हणून ज्या झाडावर फवारणी झालेली नाही त्याचे डागाळलेले, वेडेवाकडे फळ हे दुकानातल्या देखण्या फळापेक्षा या कामी श्रेष्ठ. खैऱ्या रोगाचे खरखरीत तपकिरी ठिपके सालीवर असतील तर तेवढा भाग कापून टाकावा. बाकीचे फळ खाण्यास अपायकारक नसते. बुरशी लागलेले फळ मात्र पूर्णच टाकावे. आणि आपल्याच बागेतले फळ घ्यायचे असेल, तर औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी जितके दिवस थांबा म्हणून लिहिलेले असते तितके थांबावे. मेणाचा संशय असल्यास कोमट पाण्यात ब्रशने घासावे.

हंगामाविषयी. ज्या झाडाला कोणी मुद्दाम ताण देत नाही, ते आपल्या मनाने फुलते. उन्हाळ्याच्या तोंडाशी आलेल्या फुलांची फळे हिवाळ्यात तयार होतात, पावसाळ्याच्या आरंभी फुलले तर फाल्गुन-चैत्रात. म्हणून डिसेंबरपासून मार्चपर्यंत झाडावर नजर ठेवावी. भाजीवाली हिरवे फळ आणते, ते मार्मालेडला थोडे कोवळे पडते. तिला रंग धरेपर्यंत झाडावर ठेवायला सांगावे. लिंबूवर्गातील फळ आंब्यासारखे अढीत पिकत नाही. तोडले तेव्हा जसे होते तसेच राहते, फार तर सालीचा रंग बदलतो. मात्र गोव्यासारख्या उबदार किनारी भागात साल शेवटपर्यंत हिरवटच राहू शकते, कारण केशरी रंग चढायला गार रात्री लागतात. तेथे रंगावर न जाता फळ हातात घेऊन वजन पाहावे. आकाराच्या मानाने जड लागले तर रस भरला आहे असे समजावे. फळे एकदम जास्त मिळाली आणि वेळ नसला, तर फ्रीजरमध्ये अख्खी ठेवता येतात. पण गोठवल्याने थिजवणारा अंश काहीसा घटतो, म्हणून करताना किलोमागे एक फळ जास्त घ्यावे.

हा थिजवणारा अंश म्हणजे पेक्टिन. तो बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या गरात असतो, म्हणजे नेमका आपण जो भाग फेकतो त्यात. कडू नारिंगात पेक्टिन भरपूर आणि आंबटपणाही भरपूर, आणि या दोघांची साखरेशी गाठ पडली की रस थिजतो. नागपुरी संत्र्यात दोन्ही गोष्टी तोकड्या. कडवटपणा येतो तो ‘नॅरिंजिन’ नावाच्या द्रव्याने. शास्त्रज्ञांनी हे नावही आपल्या नारंगावरूनच बेतले आहे. गोड संत्र्यात त्याच्या जागी बेचव द्रव्य असते. म्हणून गोड संत्र्याचे मार्मालेड कितीही आटवले तरी त्याला ती चव येत नाही.

कृती अशी. १ किलो फळे घ्यावी. धुऊन, अर्धी कापून रस पिळावा. बिया आणि आतला सुटणारा पापुद्रा मलमलीच्या स्वच्छ फडक्यात सैलसर बांधावा. साली पांढऱ्या गरासकट बारीक चिराव्यात. साली, रस, पुरचुंडी आणि अडीच लिटर पाणी जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात रात्रभर ठेवावे. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे या कामी घेऊ नये. आंबट रसाने धातू उतरतो. सकाळी मंद आचेवर साधारण दोन तास शिजू द्यावे. सालीचा तुकडा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. येथे घाई केली तर पुढे उपाय नाही, कारण साखर पडल्यावर साल मऊ होत नाही, उलट चिवट होते. आमच्या पाहण्यात जी मार्मालेडे फसली त्यांतली अर्धी येथेच फसली.

पुरचुंडी बाहेर काढून थोडी निवली की दोन ताटल्यांमध्ये धरून चांगली पिळावी. बुळबुळीत, दाटसर रस निघेल, तो पातेल्यात परत घालावा. तेच पेक्टिन. आता २ किलो साखर घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवावी; तळाशी कण राहिले तर पुढे बरणीत साखर दाणेदार होते. विरघळली की आच मोठी करावी आणि खळखळा उकळू द्यावे. पातेले निम्म्याहून जास्त भरलेले नको, कारण मिश्रण उतू येते आणि ते अंगावर उडाले तर तेलासारखे पोळते. लहान मुलांना त्या वेळी चुलीपाशी येऊ देऊ नये.

१५-२० मिनिटांनी थिजण्याची परीक्षा घ्यावी. थंड केलेल्या बशीवर चमचाभर घालावे, मिनिटभर थांबून बोटाने सरकवावे. पृष्ठभागाला सुरकुती पडली तर झाले. परीक्षा घेताना पातेले आचेवरून उतरवून ठेवावे, नाहीतर बशी पाहता पाहता जास्त शिजून जाते. उष्णतामापक असेल त्यांनी पुस्तकातल्या आकड्यावर डोळे मिटून जाऊ नये. पुस्तके १०४-१०५ अंश सेल्सियस सांगतात, ते समुद्रकाठचे. गोव्याच्या किनाऱ्यावर ते बरोबर. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, तेथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते, म्हणून मार्मालेड १०२ च्या आसपासच तयार होते. १०५ ची वाट पाहणाऱ्याच्या हाती काळसर चिक्की येते. सोपा नियम असा की आपल्या गावी पाणी ज्या अंशाला उकळते त्याच्या चार-साडेचार अंश वर.

उतरवल्यावर वरचा फेस काढावा आणि १५ मिनिटे तसेच ठेवावे. थोडे दाटल्यावर एकदा ढवळून बरण्यांत भरले म्हणजे साली वर तरंगत नाहीत. बरण्या धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, पूर्ण कोरड्या आणि गरम असाव्यात. काठोकाठ भरून लगेच घट्ट झाकावे. एवढ्यातून तीन किलोंवर मार्मालेड होते. त्यात साखर साठ टक्क्यांच्या वर असल्याने ते अंधाऱ्या, थंड जागी वर्षभर राहते. साखर कमी करून पाहण्याची इच्छा पुष्कळांना होते. अशा वेळी थोडेसे करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार आठवड्यांत संपवावे, नाहीतर बुरशी धरते. बुरशीचा थर काढून खालचे खाणे आम्हांस पसंत नाही. विक्रीसाठी करायचे असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी आणि बरणीवर रीतसर चिठ्ठी हवी.

कडू नारिंग मिळालेच नाही तर? जंबेरी आणि रंगपूर यांविषयी वर आलेच आहे. रंगपूरची साल पातळ, तिला तासाभरात मऊपणा येतो, पाणीही थोडे कमी घ्यावे. जंबेरीत आंबटपणा जास्त, कडवटपणा कमी. दोन्ही नसतील तर मिश्रण करावे : मोसंबी अर्धा किलो, कागदी लिंबे ३५० ग्रॅम, आणि पपनसाची साल पांढऱ्या गरासकट १५० ग्रॅम. कडवटपणा आणि पेक्टिन पपनस देते, आंबटपणा लिंबू. कागदी लिंबाची साल चिवट, ती सर्वांत बारीक चिरावी. ईडलिंबू किंवा महाळुंग घेतल्यास पांढरा गर फार जाड असतो. त्याचे मार्मालेड होते, पण त्याला आम्ही मुरंबा म्हणू.

आरोग्याच्या बाबतीत तीन गोष्टी सांगितल्यावाचून हे पान पुरे होणार नाही. मार्मालेड म्हणजे साखर. २० ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात १२-१३ ग्रॅम साखर जाते. मधुमेह असणाऱ्यांनी ‘कडू आहे म्हणून चालेल’ असा समज करून घेऊ नये. कडू चवीने साखर उतरत नाही. आणि शिजवण्यात क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो, म्हणून ते सर्दीवरचे औषधही नव्हे. ज्याला क जीवनसत्त्व हवे त्याने आवळा किंवा पेरू खावा, तो स्वस्तही पडतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कडू नारिंग आणि पपनस यांत असे काही अंश असतात की जे आतड्यातील औषध मोडणारी यंत्रणा मंदावतात. मग गोळी तीच, पण रक्तात तिचे प्रमाण वाढते. रक्तदाबावरील फेलोडिपीन या औषधावर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कडू नारिंगाच्या रसाबरोबर गोळी घेतल्यावर औषधाचे रक्तातील प्रमाण साध्या संत्र्याच्या रसाच्या तुलनेत सरासरी पाऊणपटीने वाढलेले आढळले. कोलेस्टेरॉलवरील सिमव्हास्टॅटिन, तसेच मूत्रपिंडरोपण झालेल्यांना देतात ती सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस, हीही अशा फळांशी न पटणारी औषधे आहेत. चमचाभर मार्मालेड म्हणजे पेलाभर रस नव्हे, हे खरे. तरीही ज्यांची अशी औषधे रोज चालू आहेत, त्यांनी गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवून विचारावे आणि मगच बरणी उघडावी. घरच्या वडीलधाऱ्यांना कोणी प्रेमाने बरणी भेट देते, तेव्हा ही चौकशी देणाऱ्यानेच केलेली बरी. नागपुरी संत्रे आणि साधी मोसंबी यांच्या बाबतीत ही अडचण नाही. वजन उतरवण्याच्या म्हणून ज्या गोळ्या विकतात, त्यांत कधी कडू नारिंगाचा अर्क असतो. अमेरिकेने २००४ साली इफेड्रा नावाच्या वनस्पतीच्या गोळ्यांवर बंदी घातल्यावर तिच्या जागी तो आला. त्याने नाडी जलद होऊ शकते व रक्तदाब वाढू शकतो. असल्या गोळ्यांपासून दूर राहावे.

तिसरी गोष्ट शेतावर काम करणाऱ्यांसाठी. या सालीचे तेल हाताला लागले असता उन्हात काम केल्यास कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात, मागे काळे डाग राहतात. कोणाला ती ॲलर्जी वाटते, पण ऊन आणि तेल यांची ती जोडकरणी आहे. साली चिरण्याचे काम घरात बसून करावे आणि हात साबणाने धुतल्यावरच उन्हात जावे.

मार्मालेड करताना बिया पुरचुंडीत जातात, त्यांतल्या वीस-पंचवीस बाजूला काढाव्या. लिंबूवर्गाची बी वाळली की उगवत नाही, म्हणून फळातून काढल्यावर धुऊन दोन-चार दिवसांतच कुंडीत बोटाच्या एका पेराएवढी खोल पेरावी. एका बीतून दोन-तीन रोपे उगवलेली दिसली तर नवल वाटू नये. या जातीचा तो स्वभावच आहे, आणि त्यांतली बहुतेक रोपे हुबेहूब आईच्या वळणावर जातात. म्हणून कलमाचा खर्च नको. भारी जमिनीत डिंक्या रोगाने संत्रे-मोसंबी मरतात तेथेही हे झाड तग धरते. हे पाहून कोणाच्या मनात येईल की मग याच खुंटावर मोसंबीचा डोळा का भरू नये? तसे करू नये. ब्राझील आणि अर्जेंटिनात अशाच खुंटावर बांधलेल्या गोड संत्र्यांच्या बागा १९३० नंतरच्या काळात माव्याने पसरवलेल्या एका विषाणूने लाखांनी मेल्या. त्या रोगाला तेथे ‘त्रिस्तेझा’ म्हणतात. पोर्तुगीज जाणणाऱ्या आमच्या गोव्याच्या वाचकांना त्याचा अर्थ ‘विषाद’ हे ठाऊक आहे. तो विषाणू आपल्या देशातही आहे. खुंटासाठी जंबेरी किंवा रंगपूर, आणि कडू नारिंग स्वतःच्या मुळावर, स्वतःसाठी. रोप वर्षा-दीड वर्षाचे झाल्यावर पावसाळ्याच्या आरंभी, भिंतीपासून पाच मीटर सोडून, पाणी साचत नाही अशा जागी लावावे. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी बसते, ती लिंबावरच्या फुलपाखराची. दोन-चार झाडांसाठी औषध आणू नये, सकाळी हाताने वेचावी. फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात.